वीज-विचारणा : इन्व्हर्टर आहे, मग वेगळे दिवे कशाला?

एप्रिलपर्यंत या सदराकडे एसीची आणि बिलांची पत्रे येतात. आकाश भरून यायला लागले की अर्थिंग, आरसीसीबी आणि इन्व्हर्टर सुरू होतात. या वेळी मात्र बरीच पत्रे एकाच विषयावरची निघाली : लॉज, कार्यालय, दुकानांची इमारत, दवाखाना अशा ठिकाणचे इमर्जन्सी लाइट. जुलैचा बी फॉर्म (आगीपासूनच्या सुरक्षेची साधने चालू आहेत असा एजन्सीचा सहामाही दाखला) जवळ आला आहे, त्याचाच हा परिणाम असणार. म्हणून बाकीची पत्रे पुढच्या अंकावर ढकलून ही सगळी एकत्र घेते.

प्रश्न : ताई, दापोली तालुक्यात समुद्राजवळ आमचा लॉज आहे. तळमजला अधिक दोन मजले, सोळा खोल्या. २०२०च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस लाईट नव्हती, तेव्हा शहाणे होऊन मोठा इन्व्हर्टर घेतला, चार बॅटऱ्यांचा. जिना, पॅसेज, काउंटर सगळे त्यावर चालते. आता बी फॉर्म देणाऱ्या एजन्सीचा माणूस म्हणतो की जिन्यात आणि पॅसेजमध्ये स्वतंत्र इमर्जन्सी लाइट लावा, बाहेर जायच्या उजळ पाट्या लावा, नाहीतर सही होणार नाही. आमचा वायरमन म्हणतो, लाईट गेली की इन्व्हर्टर डोळ्याचे पाते लवायच्या आत चालू होतो, हे सगळे पैसे काढायचे धंदे आहेत. कोणाचे ऐकू? – लॉजचालक, दापोली तालुका

उत्तर : एजन्सीच्या माणसाचे. पण तुमचा वायरमन खोटे बोलत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे जो प्रसंग आहे त्यात त्याचे म्हणणे बरोबरच आहे. आपल्याकडे लाईट गेली म्हणजे बाहेरून गेली : वाऱ्याने फांदी तारेवर आली, डीपी उडाला, फीडर बंद पडला. अशा वेळी इन्व्हर्टर उत्तम. घोळ होतो तो वीज बाहेर असताना आत अंधार होतो तेव्हा.

जुलैतली एखादी रात्र घ्या. भिंतीला ओल आली आहे, दुसऱ्या मजल्यावरच्या एखाद्या गिझरमधून किंवा गच्चीतल्या उघड्या जॉइंटमधून थोडा करंट जमिनीकडे गळतो आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आपले काम चोख करतो आणि त्या मजल्याची लाईन तोडतो. इन्व्हर्टरची लाईन त्याच डीबीतून, म्हणजे मजल्याची वीज वाटणाऱ्या पेटीतून, त्याच आरसीसीबीमागून फिरवलेली असेल (जुन्या लॉजमध्ये मी बहुतेक असेच पाहिले आहे) तर तो मजला पूर्ण काळोखात. खाली काउंटरवर पंखा फिरतो आहे, टीव्ही चालू आहे, इन्व्हर्टरला काहीच कळलेले नाही, कारण त्याच्या इनपुटला महावितरणची वीज व्यवस्थित येते आहे. हा झाला साधा, दर पावसाळ्यात घडणारा प्रकार. आता आरसीसीबीच्या जागी डीबीच पेटली असे समजा. वायर वितळली, शॉर्ट झाला, एमसीबी (जादा करंट आला की लाईन तोडणारा स्विच) पडला. इन्व्हर्टर कितीही मोठा असो, त्याची वीज ज्या वायरीतून दिव्यापर्यंत जायची तीच उरली नाही. त्यात आग लागली की कोणीतरी धावत जाऊन मेन स्विच पाडतोच, आणि पाडायलाच हवा. मग इन्व्हर्टर आपल्याला मेन गेली असे समजून पाणी मारलेल्या वायरींमध्ये वीज पाठवू लागतो. म्हणून तोही बंद करावा लागतो. आणि पाहुणे अजून दुसऱ्या मजल्यावरच आहेत.

इन्व्हर्टर हा धंदा चालू ठेवण्यासाठी आहे. इमर्जन्सी लाइट माणसे बाहेर काढण्यासाठी आहे. ज्या फिटिंगची बॅटरी तिच्या स्वतःच्या पोटात आहे, तिला वर कुठे काय जळले याच्याशी कर्तव्य नसते. आपल्यापर्यंत येणारी वीज थांबली, की ती लागते.

आता नियम. नॅशनल बिल्डिंग कोड, २०१६, भाग ४, आग आणि जीवितसुरक्षा. कोड भारतीय मानक ब्यूरोचा आहे आणि नुसता वाचला तर ती शिफारस वाटते. पण महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आहे, आणि त्यात ही साधने बसवण्याची व चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा इमारत वापरणाऱ्यावर टाकलेली आहे. दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घ्यायचा बी फॉर्म म्हणजे त्याच जबाबदारीचा कागद. सही एजन्सीची असली तरी उद्या काही झाले तर प्रश्न तुम्हाला विचारले जातील, त्या माणसाला नंतर.

कोडमधले आकडे असे. बाहेर पडायच्या वाटेच्या मध्यरेषेवर, जमिनीच्या पातळीला, निदान १० लक्स उजेड. पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सच्या आसपास मिळतो आणि वाचायच्या टेबलावर तीनशेच्या आसपास लागतात, म्हणजे १० लक्स ही काही चैन नव्हे; पायरीची कड दिसावी एवढेच. हा उजेड निदान दीड तास टिकला पाहिजे, जागा कितीही लहान असली तरी. एक फिटिंग बंद पडली म्हणून पूर्ण वाट अंधारात जाता कामा नये, म्हणून पॅसेजमध्ये एक मोठा दिवा लावून सुटका होत नाही. दोन लहान लावा. फिटिंग जमिनीपासून दोन मीटरच्या वर, पण त्यानंतर जितकी खाली घेता येईल तितकी. धूर आधी छताला साठतो, छतातला देखणा गोल दिवा सर्वांत आधी दिसेनासा होतो. इंटिरियरवाल्याला हे पटवून देताना माझा घसा बसतो.

जागा कुठल्या? प्रत्येक बाहेरच्या दारापाशी, पॅसेज जिथे वळतो किंवा दुसऱ्याला मिळतो तिथे, जिन्याच्या प्रत्येक टप्प्यावर थेट उजेड पडेल अशा ठिकाणी, जमिनीची पातळी बदलते तिथे, आगीची घंटा आणि अग्निशामक नळकांडी जिथे असतील तिथे. ‘पाशी’ म्हणजे आडवे मोजून दोन मीटरच्या आत. आणि एक जागा हटकून विसरली जाते : शेवटच्या दाराच्या बाहेर. तुमच्याकडे बाहेर जांभ्याच्या पायऱ्या असतील तर आषाढात त्यांच्यावर शेवाळ धरलेले असणार. धुरातून सुखरूप बाहेर आलेली आजी तिथे घसरून पडली तर काय उपयोग?

वायरिंगची गोम वेगळीच आहे, आणि ती तुमच्या वायरमनला नक्की वाचून दाखवा. इमर्जन्सी फिटिंगला त्या पॅसेजच्या दिव्यांच्या सर्किटमधूनच फेज द्यायची, पण स्विचच्या आधीची, कायम चालू असलेली. दोन चुका नेहमी दिसतात. पहिली, स्विचच्या नंतरची फेज दिली जाते. मग रात्री अकराला मॅनेजर वीज वाचवायला पॅसेजचा दिवा बंद करतो, फिटिंगला वाटते लाईट गेली, ती बॅटरीवर लागते आणि पहाटेपर्यंत बॅटरी संपते. हे रोज झाले की वर्ष पुरे व्हायच्या आत बॅटरी मेलेली असते आणि दोष कंपनीला जातो. दुसरी चूक, खाली मेन पॅनलमधून सरळ वेगळी फेज वर आणली जाते. मग मजल्याचा एमसीबी पडला तरी या फिटिंगला वीज मिळतच राहते आणि ती लागतच नाही, म्हणजे जिच्यासाठी लावली तेव्हाच गप्प. म्हणून काम झाले की मेन स्विच पाडून तपासू नका. त्या मजल्याच्या दिव्यांचा एमसीबी पाडा. एजन्सीच्या माणसासमोर पाडा. तो स्वतः मेन पाडून, दिवे लागलेले पाहून निघाला असेल तर त्याला परत बोलवा.

पैसे काढायच्या आरोपाबद्दल : तपासणारा आणि विकणारा एकच असला की संशय येणारच, तो मलाही येतो. उपाय सोपा आहे. फिटिंग कोणाकडून घ्यायची ते तुम्ही ठरवा. आयएस ९५८३ हे इमर्जन्सी लाइटचे भारतीय मानक आहे, त्याबद्दल विचारा. किती मिनिटे चालेल ते बिलावर लिहून मागा. बॅटरी वेगळी मिळते का ते विचारा. तिन्ही प्रश्नांना उत्तर न देणाऱ्याकडून स्वस्तातही घेऊ नका.

शेवटचे. चार बॅटऱ्या कुठे ठेवल्या आहेत ते तुम्ही लिहिलेले नाही, पण जिन्याखालीच असणार असे मी पैजेवर सांगते. या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, आणि सोळा खोल्यांना खाली यायला तोच एक जिना. इमर्जन्सी लाइटच्या आधी त्या हलवा. पडवीला लागून हवेशीर, कुलूपबंद कपाट करा. हे काम या महिन्यात करा, बाकीचे जुलैपर्यंत चालेल.

प्रश्न : कुडाळ तालुक्यात आमचे मंगल कार्यालय आहे, बसायची सोय सातशेची. ६२ केव्हीएचा जनरेटर आहे. वीज गेली की आमचा माणूस चेंजओव्हर (लोड जनरेटरवर नेणारा स्विच) फिरवतो, मिनिटभरात सगळे चालू. पंधरा वर्षांत कधी काही झाले नाही. तरी तुम्ही म्हणता का की वेगळे दिवे हवेत? – कार्यालयाचे मालक

उत्तर : ‘काय होऊचा नाय’ हे आपल्याकडचे सर्वांत जुने अग्निशामक यंत्र आहे. ते भरून घ्यावे लागत नाही, त्यावर तारीख नसते, आणि ते कधी चालवून पाहिलेले नसते.

तुमचा माणूस चेंजओव्हर फिरवतो, पण मुहूर्तानंतर दीड वाजता तो कुठे असतो? पंगतीत. मिनिटभराचा हिशेब तो जनरेटरच्या शेजारी उभा असला तर आहे. अगदी आपोआप चालू होणारे एएमएफ पॅनल लावले तरी इंजिन सुरू होऊन, व्होल्टेज स्थिर होऊन लोड घ्यायला दहा-पंधरा सेकंद जातात. एरवी ते काहीच नाही. जळका वास येत असताना, सातशे माणसे, त्यात पोरे, नऊवारीतल्या बायका आणि काठी घेतलेले आजोबा, मिट्ट काळोखात दहा सेकंद म्हणजे दारात चेंगराचेंगरी व्हायला पुरेसा वेळ. आणि पहिल्या उत्तरात लिहिले तेच इथेही : जनरेटरची वीज शेवटी त्याच पॅनलमधून, त्याच वायरींतून हॉलमध्ये येते. पॅनल जळले तर जनरेटर बाहेर धडधडत राहील.

दिल्लीच्या उपहार सिनेमागृहाची आग १३ जून १९९७ची. ५९ माणसे गेली, बहुतेक जण आगीत भाजून नव्हे तर धुराने गुदमरून. आग खाली पार्किंगच्या मजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला लागली होती, माणसे मेली वरच्या बाल्कनीत. वीज गेल्यावर आत अंधार, इमर्जन्सी दिवे नाहीत, जादा खुर्च्या टाकून बाहेर जायची वाट अडवलेली. न्यायालयाच्या निकालांत या गोष्टी एकेक करून मांडल्या आहेत. तुमच्या हॉलमध्ये खुर्च्या सुट्या असतात, हे चांगले नाही. लग्नाच्या दिवशी त्या वाटेतही येतात.

म्हणून काय करायचे ते सांगते. प्रत्येक दारावर सतत पेटती राहणारी हिरवी पाटी, पळणाऱ्या माणसाच्या चित्राची. ही पाटी वीज असतानाही जळत राहिली पाहिजे. एरवी बंद राहून वीज गेल्यावर लागणारी पाटी कोणाच्या नजरेत बसलेली नसते. हॉलच्या दोन्ही बाजूंना, स्टेजमागे, जेवणाच्या हॉलमध्ये, स्वयंपाकघराच्या मागच्या दारात आणि वरातीच्या पायऱ्यांवर बॅटरी पोटात असलेल्या फिटिंग. मोठ्या उंच हॉलसाठी दोन डोक्यांचे दिवे मिळतात ते ठीक, पण त्यांची तोंडे माणसांच्या डोळ्यांत नकोत, जमिनीवर हवीत.

नंतर खरी लढाई डेकोरेटरशी. तो पाट्यांवरून पडदे सोडतो, दिव्यावरून झेंडूच्या माळा बांधतो, बाजूचे दार ‘फोटोत वाईट दिसते’ म्हणून कापडाने झाकतो, आणि स्टेजच्या लाइटसाठी हाताला लागेल त्या पॉइंटमधून वायर ओढतो. बुकिंगच्या पावतीमागे छापून टाका : हिरव्या पाट्या आणि बाजूची दारे झाकायची नाहीत, झाकली तर अनामत परत नाही. एका मालकाने असे छापल्यावर डेकोरेटर आपोआप शहाणे झालेले मी पाहिले आहेत. (तिथे कामाला गेले तेव्हा त्याच डेकोरेटरने मला विचारले होते, ‘बाई, लाईटचे साहेब कधी येणार?’ साहेब शिडीवर उभे होते.)

आणि दारे. आगंतुक जेवायला शिरू नयेत म्हणून पंगतीच्या वेळी बाजूच्या दाराला कुलूप घालण्याची पद्धत सिंधुदुर्गात काही ठिकाणी आहे. चार ताटे वाचतात. पाटीवर पळणारा माणूस आणि खाली कुलूप, असे करायचे असेल तर पाटी लावूच नका, निदान कोणी तिकडे धावणार नाही. त्यापेक्षा दाराशी एक माणूस बसवा.

प्रश्न : रत्नागिरीत आमची तीन मजली व्यापारी इमारत आहे, खाली दुकाने, वर ऑफिस आणि एक क्लास. जिन्याचे दिवे बांधकामापासून पहिल्या मजल्यावरच्या एका गाळ्याच्या मीटरवर आहेत. तो मालक आता म्हणतो की मी कशाला भरू, आणि संध्याकाळी सातला आपला मेन बंद करून जातो. क्लासची मुले साडेआठला मोबाइलच्या उजेडात उतरतात. – गाळेधारक

उत्तर : तो मालक भांडखोर असेल, पण वीज त्याची आहे. चूक बांधणाऱ्याची आणि इतकी वर्षे गप्प बसणाऱ्या सगळ्यांची. जिना आणि पॅसेज यांचे दिवे स्वतंत्र सर्व्हिसवर हवेत, आणि तळमजल्यावर अग्निशमन दलाच्या हाताला लागेल अशा ठिकाणी एका स्विचने चालवता आले पाहिजेत, कोणत्याही गाळ्याचा स्विच कसाही असो. कोडमध्ये हे स्पष्ट लिहिलेले आहे. जिन्याला पर्यायी वीज जोडली असेल तर दुहेरी फेकीचा स्विच लावायचा, म्हणजे दोन्हीकडची वीज एकदम येणार नाही. महावितरणकडे सामाईक मीटरसाठी अर्ज करा, खर्च गाळ्यांच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाटा. ते होईपर्यंत क्लासवाल्यांनी जिन्याच्या प्रत्येक वळणावर आपल्या मीटरवरून, वीज असतानाही जळत राहणाऱ्या बॅटरीच्या फिटिंग लावाव्यात, उद्याच. सभा, ठराव, इतिवृत्त नंतर होईल.

काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांप्रमाणे (आता २०२३चे लागू आहेत) अशी वायरिंग परवानाधारक ठेकेदाराने, पात्र पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करायची असते. शेजारच्या गाळ्यातला ‘हुशार पोरगा’ यात बसत नाही.

प्रश्न : गुहागरला किनाऱ्यावर आमची कॉटेजेस आहेत. इमर्जन्सी लाइट दोन वर्षांपूर्वी चांगल्या भावाचे घेतले होते. निम्मे मेले. उघडले तर आत हिरवट गंज, बॅटऱ्या फुगलेल्या. कंपनी म्हणते हवामान. यावर काही इलाज आहे का, की दर दोन वर्षांनी हाच खर्च? – एक वाचक

उत्तर : कंपनी निम्मे खरे बोलते. खारा वारा तांब्याला आणि पत्र्याला सोडत नाही, तो हिरवट थर तांब्यावर मिठाने आणि ओलीने केलेलाच आहे. पण ते हवामान गुहागरला काल आलेले नाही, विकताना ठाऊक होते.

उघड्यावर, व्हरांड्यात, बाहेरच्या दारावर आयपी ६५ची, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत न घेणारी फिटिंग घ्या. पावडर कोटिंग केलेल्या पत्र्यापेक्षा पॉलिकार्बोनेटची पेटी टिकते. वायर खालून आत घ्या, वरून कधीच नको, आणि तिथे ग्लँड (वायरीभोवतीची फट बंद करणारे बूच) घट्ट बसवा. आयपी ६५च्या पेटीला स्क्रूड्रायव्हरने भोक पाडून वायर घातलेली मी पाहिली की पुढचे काही तपासायची इच्छाच राहत नाही. टर्मिनलवर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. स्क्रू स्टेनलेसचे.

बॅटऱ्या मात्र मिठाने फुगत नाहीत, उष्णतेने आणि पुन्हा पुन्हा पूर्ण रिकाम्या होण्याने फुगतात. तुमची फिटिंग पत्र्याच्या छपराखालच्या फॉल्स सीलिंगला आहे का? मेमध्ये तिथे हात लावून पाहा. साधारण हिशेब असा की लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे आयुष्य पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना निम्मे होते. पाच वर्षे सांगितलेली बॅटरी पंचेचाळीस अंशांत सव्वा वर्षात संपली तर त्यात आश्चर्य काही नाही. भिंतीवर, सावलीत आणा. पुढच्या वेळी लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या. उष्णता ती जास्त सोसते. हिशेबही करून पाहा. पाच वॅटच्या एलईडीला दीड तास म्हणजे साडेसात वॅट-तास. ३.२ व्होल्ट, ३ अँपिअर-तासाची एक बॅटरी कागदावर ९.६ वॅट-तास देते. वरची शिल्लक बॅटरी जुनी झाल्यावर लागते. याहून लहान बॅटरी घालून ‘तीन तास’ छापणारे डबे बाजारात भरपूर आहेत. ते तीन तास पहिल्या दिवशी, आणि उजेड अर्ध्यावर आणून.

आपल्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून अनेकदा जाते-येते, कधी रात्रभर नसते. बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की दिवा आपोआप तोडणारे सर्किट फिटिंगमध्ये आहे का, हे विचारून घ्या. ते नसेल तर एका लांबलेल्या रात्रीत बॅटरी कायमची जाते.

प्रश्न : मालवणला घराच्याच दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. दोन्ही खोल्यांची दारे सरळ अंगणात. आम्हालाही हे सगळे करावे लागेल का? लाईट गेल्यावर लागणारे बल्ब आहेत, ते चालतील? – घरगुती निवास चालवणारी एक वाचक

उत्तर : घाबरू नका. दार उघडले की अंगण, म्हणजे तुमची बाहेर पडायची वाट एका पावलाची आहे. मोठ्या इमारतीचे सगळे नियम तुमच्या दोन खोल्यांवर ताणण्यात मला अर्थ दिसत नाही. खोलीत दाराजवळ एक आणि बाहेर अंगणाच्या पायरीवर एक अशी बॅटरीची लहान फिटिंग लावलीत तरी पाहुण्याला पुरे. अंगणात विहीर असेल तर तिला कठडा आणि तिथेही उजेड हवा. अनोळखी माणूस काळोखात पळाला तर कुठे जाईल ते तुम्हाला ठाऊक आहे, त्याला नाही.

ते बल्ब घरासाठी सोयीचे, या कामासाठी नाहीत. साध्या होल्डरमध्ये ते स्विचच्या मागे असतात. पाहुण्याने झोपताना स्विच बंद केला की बल्ब ना चार्ज होतो, ना लाईट गेल्यावर लागतो. शिवाय जाताना ते पिशवीतून जातात, असे तुमच्याच तालुक्यातल्या दोघींनी मला सांगितले आहे.

प्रश्न : चिपळूणला लहान रुग्णालय आहे. २२ जुलै २०२१च्या पुरात तळमजल्यावरचे पॅनल, चेंजओव्हर, बॅटऱ्या सगळे पाण्याखाली गेले. आता नवीन करताना एकच मोठी बॅटरी बँक बसवावी की प्रत्येक दिव्यात बॅटरी? – डॉक्टर

उत्तर : तुमच्या आकाराच्या इमारतीला प्रत्येक फिटिंगमध्ये बॅटरी. मोठी बँक देखभालीला सोपी, एका जागी पाहता येते. पण तिच्यापासून प्रत्येक दिव्यापर्यंत जाणारी केबल आगीतही काही काळ तग धरणारी, फायर सर्व्हायव्हल जातीची लागते, आणि नुसती एफआरएलएस म्हणजे ती नव्हे. एफआरएलएस कमी धूर करते, पेट पसरू देत नाही. जळताना वीज पोचवण्याची हमी ती देत नाही. ठेकेदार ही दोन नावे सर्रास एकमेकांत मिसळतो. शिवाय वाशिष्ठीचे पाणी एका बँकेला एकदम घेऊन जाईल.

पॅनल, चेंजओव्हर आणि जनरेटरचे कंट्रोल २०२१च्या पाण्याच्या खुणेच्या वर घ्या, पहिल्या मजल्यावर घेतले तरी हरकत नाही. ऑपरेशन थिएटर आणि व्हेंटिलेटर यांची यूपीएस वेगळीच गोष्ट आहे. तिला इमर्जन्सी लाइटच्या हिशेबात धरू नका आणि इमर्जन्सी लाइटला तिच्यावर टाकू नका. रुग्णालयात माणसे चालत नव्हे, स्ट्रेचरवरून बाहेर येतात, म्हणून रॅम्पवर जिन्यापेक्षा जास्त दिवे लावा आणि दीड तासाऐवजी तीन तासांची फिटिंग घ्या. ही माझी शिफारस आहे, कोडचा किमान आकडा नव्हे.

प्रश्न : अलिबागला हॉटेलची मॅनेजर आहे. प्रत्येक दिव्याला टेस्टचे बटण आहे, ते दाबले की दिवा लागतो. एवढे पुरे ना? – एक वाचक

उत्तर : बटणाने दिवा जिवंत आहे एवढे कळते, बॅटरी किती वेळ टिकेल ते नाही. मरायला टेकलेली बॅटरीही दहा सेकंद झकास उजेड देते. जगभर रूढ पद्धत अशी : महिन्यातून एकदा अर्धा मिनिट, आणि वर्षातून एकदा पूर्ण दीड तास. अर्ध्या मिनिटाची चाचणी बटणाने करा, चालेल. दीड तासाची मात्र मजल्याचा एमसीबी पाडून करा, हातात घड्याळ घेऊन, आणि शेवटच्या पाच मिनिटांत पुन्हा सगळीकडे फिरून पाहा.

त्या चाचणीनंतर सगळ्या बॅटऱ्या रिकाम्या असतात आणि पूर्ण भरायला साधारण चोवीस तास लागतात. म्हणजे शनिवारी, हॉटेल भरलेले असताना हे करायचे नाही. एका वेळी एकच मजला घ्या, तोही पाहुणे नसताना. अलिबागला जुलैतले मधले वार त्यासाठी बरे, आणि बी फॉर्मही तेव्हाच असतो. वहीत तारीख, फिटिंगचा नंबर, किती मिनिटे चालली आणि बॅटरी कधी बदलली एवढेच लिहा. फिटिंगवर मार्करने नंबर टाकलेले नसतील तर आधी ते टाका, नाहीतर ‘पॅसेजमधला डावीकडचा’ कोणता यावर पुढच्या वर्षी नवा मॅनेजर आणि एजन्सीचा माणूस वाद घालत बसतील.